बिघडलेल्या यंत्रात उरलेली वीज

वसईत सनसिटीकडून गासला जाणारा रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली गेला की त्याची बातमी होते, पण आश्चर्य कुणालाच वाटत नाही. जुलै 2018 मध्ये तर नालासोपारा स्टेशनातले रूळ बुडाले, लोकल थांबल्या, वसई-विरारच्या मोठ्या भागाची वीज गेली. पाणी ओसरलं की बातमी संपते आणि घराघरांतलं काम सुरू होतं. तळमजल्यावरचं वॉशिंग मशिन, वाडीतल्या मोटरचा स्टार्टर, टीव्हीखाली ठेवलेला सेट-टॉप बॉक्स, कोपऱ्यातला इन्व्हर्टर. सगळ्या गावाचं सामान एकदमच बिघडलेलं, त्यामुळे मेकॅनिक आठवडाभर फिरकत नाही. मग घरातलंच कुणीतरी हौशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतं.

मेन स्विच बंद करायचा, प्लग काढायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते केलं की यंत्र रिकामं झालं असं मात्र नाही. उलट चालत्या यंत्रापेक्षा बंद पडलेल्या यंत्रात वीज जास्त वेळ टिकते, आणि आपण उघडतो ते नेमकं बंद पडलेलंच.

टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर एसी, अलीकडची वॉशिंग मशिनं या सगळ्यांत घरातल्या विजेचं आधी डीसीत रूपांतर होतं. आपण 230 व्होल्ट म्हणतो ती एसीची परिणामी किंमत. तिचं शिखर साधारण 325 व्होल्टचं असतं. पॉवर सप्लायच्या कार्डावर जाडजूड, उभा, डोक्यावर फुलीसारखी खाच असलेला जो कंडेन्सर दिसतो तो या शिखरापर्यंत भरलेला असतो. त्यावर 400 किंवा 450 व्होल्ट असं छापलेलं असतं ते त्यासाठीच. 220 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये त्या दाबाला साडेअकरा ज्यूलच्या आसपास ऊर्जा मावते. आकडा किरकोळ वाटेल, पण ती एका क्षणात हातातून गेली तर माणूस मागे फेकला जातो.

संच धड असेल तर प्लग काढल्यावर पुढचं सर्किट काही क्षण चालत राहतं आणि कंडेन्सर स्वतःच रिता होतो. टीव्हीचा लाल दिवा प्लग काढल्यावरही जरा वेळ रेंगाळतो, तो याच शिल्लक विजेवर. पण पुढचं सर्किटच मेलं असेल, एखादा आयसी उडाला असेल, तर ही वीज खर्च करणारं कुणी उरत नाही. दिवा विझलेला, आवाज नाही, आणि कंडेन्सर भरलेला.

इथे आपला लाडका टेस्टर फसवतो. टेस्टर पेटतो कसा? फेजमधून येणारा अगदी बारीक प्रवाह आतल्या रेझिस्टरमधून, निऑनच्या दिव्यातून, आपल्या अंगातून जमिनीत जातो. डीपीपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते म्हणून फेरा पूर्ण होतो. प्लग काढलेल्या कार्डावरच्या कंडेन्सरचा जमिनीशी असा संबंधच नसतो. त्याच्या एका पायातली वीज त्याच्याच दुसऱ्या पायाकडे जाऊ पाहते. त्यामुळे 325 व्होल्टला भरलेल्या कंडेन्सरवर टेस्टर टेकवला तरी तो विझलेलाच राहतो. तो पाहून दोन बोटांनी कार्ड उचललं की बोटांतून फेरा पूर्ण झालाच.

म्हणून मल्टिमीटर. डीसीच्या 600 किंवा 1000 व्होल्टच्या रेंजवर ठेवायचा, दोन प्रोब कंडेन्सरच्या दोन पायांवर टेकवायचे आणि आकडा वाचायचा. वीज उरली असेल तर स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडण्याची मर्दुमकी करू नये. त्यात टोक वितळतं, कार्डावरची पट्टी उडते, धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. दोन-अडीच किलोओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी लावला की दोन-तीन सेकंदांत काम होतं. मग पुन्हा मोजायचं. जुने टीव्ही मेकॅनिक एक हात खिशात ठेवून का काम करत, तेही यावरून कळेल: प्रवाह एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाला तर वाटेत छाती येते. प्लग लावलेला असेल तर मात्र ही युक्ती अपुरी, कारण तेव्हा दुसरं टोक म्हणजे पायाखालची ओली लादी.

मायक्रोवेव्हची गोष्ट याहून गंभीर. त्यातला कंडेन्सर 2,000 व्होल्टच्या वर जातो. तो मिनिटाभरात रिता व्हावा म्हणून आत एक रेझिस्टर दिलेला असतो, आणि तोच तुटला असेल तर बाहेरून कळायला मार्ग नाही. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ पाहून अमेरिकेत अनेक जणांनी जीव गमावला आहे. वसईत बसून सांगतो, हा डबा घरी उघडू नका.

दुरुस्तीच्या दुकानात सिरीज बोर्ड असतो. 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब संचाच्या आधी जोडलेला. संचात शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि बाकीचं कार्ड वाचतं. सुंदर, स्वस्त युक्ती. पण ती कार्डासाठी आहे, कारागिरासाठी नाही. त्या बल्बमधून 430 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह आरामात जातो. माणसाला किती पुरतो? बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवला आणि मूठ कधी सुटेनाशी होते ते मोजलं. पुरुषांत सरासरी 16 मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, म्हणून तार ‘धरून ठेवते’ असं आपल्याला वाटतं. पुढे 50 ते 100 मिलिअँपिअरला हृदयाचा ताल बिघडू शकतो.

ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. म्हणजे 230 व्होल्टला 230 मिलिअँपिअर. एमसीबीच्या लेखी हा पन्नास वॅटचा दिवा. 16 अँपिअरचा एमसीबी त्यासाठी कशाला पडेल? तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी: गेलेला आणि परतलेला प्रवाह यांची तुलना करणारा, 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की पडणारा. तशा जातीचं एक संरक्षक यंत्र डॅल्झिएल यांनीही बनवलं, 1961 मध्ये. पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर गेलेलं सगळं परत येतं आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. कंडेन्सरचा झटका तर त्याच्या हिशेबातच नाही.

सगळं पाणीही सारखं नसतं: खाडीचं खारं पाणी विहिरीच्या गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त वीज वाहून नेतं, आणि वाळल्यावर कार्डावर मीठ ठेवून जातं. दमट हवा ते मीठ पुन्हा ओलं करते. म्हणून उन्हात दोन दिवस वाळवलेला स्टार्टर तिसऱ्या दिवशी बॉडीला करंट देतो. नाताळात व्हरांड्यात सोडलेल्या माळांचे टेप मारलेले सांधेही असेच. ऑगस्ट 2022 मध्ये विरारच्या बोळींजमध्ये साचलेल्या पाण्यातून चाललेली शाळकरी मुलगी विजेच्या धक्क्याने गेली. ‘वीज दिसत नाही’ हे नेहमीचं वाक्य तेव्हा फार स्वस्त वाटलं.

लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरचे पॉइंट जिवंत असतात, हे घाईत विसरायला होतं. त्याची 12 व्होल्टची बॅटरी झटका देत नाही, पण दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि त्या वाटेत बोटातली अंगठी आली तर ती लाल होते. अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढून ठेवावं. त्याहून वाईट सवय म्हणजे दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरीने जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडणं. तीच वीज उलटी डीपीत जाऊन 11,000 व्होल्ट होते, आणि तिथे खांबावर महावितरणचा वायरमन चढलेला असतो.

लिथियम बॅटरीला तर मेन स्विचच नाही. ती पूर्ण बंद करता येत नाही, आणि बल्ब लावून रितीही करू नये. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळाने झोडपलं. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्या पूर ओसरल्यावर काही दिवसांनी आपोआप पेटल्या. सेलच्या आसपास राहिलेलं मीठ हळूहळू वाट करत जातं. त्यामुळे पुरात भिजलेला पॅक ‘चालतोय का बघू’ म्हणून चार्जरला लावायचा नाही, फुगलेली बॅटरी टोचायची नाही, यातलं काहीच घरात आणायचं नाही. अंगणात, भिंतीपासून आणि सुक्या पेंढ्यापासून लांब, पावसाच्या आडोशाला ठेवून सर्व्हिस सेंटरला फोन करायचा.