परिचारकाचे चार गुण

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली, टांके भरूं लागले, रोगी घरीं आला, म्हणजे संकट टळलें, अशी बहुतेक कुटुंबांची समजूत असते. आमचीही तशीच होती. गेल्या पावसाळ्यांत आमच्या सौभाग्यवतींवर पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि ती समजूत आम्हांस सोडून द्यावी लागली. पुढील दीड महिन्यांत आम्ही जें शिकलों तें वाचकांच्या, आणि विशेषतः वाचकांपैकीं जे पति आहेत त्यांच्या, उपयोगी पडेल, या आशेनें येथें मांडीत आहों.

प्रथम रुग्णालयाविषयीं थोडेसें. गर्भाशयांत गांठी झाल्यामुळें तो काढावा असें ठरलें, व शहरांतील एका मोठ्या खाजगी रुग्णालयांत आदल्या दिवशीं दाखल झालों. मध्यरात्रीपासून अन्नपाणी बंद. शस्त्रक्रिया सकाळीं ८ वाजतां. दुपारीं ३ वाजतां कळलें कीं, आज होत नाहीं, उद्यां पाहूं. पंधरा तास घशाला कोरड पडलेली, आणि उत्तर देण्यास कोणी जाग्यावर नाहीं! भूल देण्यापूर्वीं घन आहार सहा तास बंद असावा, परंतु विशेष अडचण नसल्यास साधें पाणी दोन तास आधींपर्यंत चालतें, असा हल्लींचा सर्वमान्य नियम आहे. तो आम्हांस ठाऊक असता तर निदान भूल देणाऱ्या डॉक्टरांस विचारतां तरी आलें असतें. शस्त्रक्रियेनंतरही तोच प्रकार. एक डॉक्टर गोळी जेवणाआधीं सांगे, दुसरा जेवणानंतर. घरीं जाण्याची परवानगी सकाळीं १० वाजतां मिळाली. विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत रात्रीचे ९ वाजले. रुग्णालयाकडून विनंति पोंचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनें ही मंजुरी द्यावी, असें विमा नियामक प्राधिकरणाचें २०२४ चें परिपत्रक सांगतें. पण थकलेल्या रोग्याजवळ बसून परिपत्रकें कोण वाचतो?

या साऱ्या मनस्तापाचा खरा तोटा पुढें दिसून आला. आम्ही इतके चिडलों होतों कीं, निघतांना हातीं दिलेला सूचनांचा कागद न वाचतांच बिलांच्या गठ्ठ्यांत कोंबला.

आपल्या चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच : उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. वैद्य आणि औषध यांवर आपण पाण्यासारखा पैसा खर्च करतों. तिसरा पाद मात्र घरांत जो रिकामा सांपडेल तो, असें आपलें धोरण असतें. यंदां तो रिकामा मनुष्य म्हणजे आम्हीच होतों, कारण सेवानिवृत्त होऊन वर्ष झालें होतें.

शुचितेविषयीं आमच्या घराला फारसें शिकवावें लागलें नाहीं. व्हिएन्ना येथील डॉ. सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं प्रसूतिगृहांत हात धुण्याचा नियम घालून मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें खालीं आणलें, ही हकीकत आम्हीं नातवंडांस सांगितली, आणि साबणावांचून आजीच्या खोलींत प्रवेश नाहीं असा नियम त्यांनींच अंमलांत आणला.

दक्षता मात्र शिकावी लागली. बिछान्यांतून उठतांना रोग्यानें एकदम सरळ उठूं नये. आधीं कुशीवर वळावें, पाय खालीं सोडावे आणि हाताच्या आधारानें अंग उचलावें, म्हणजे पोटावर ताण येत नाहीं. खोकतांना वा हंसतांना पोटावर उशी दाबून धरावी. रोज थोडें थोडें चालावें. पण भरलेली कळशी, कणकेचा डबा किंवा धांवत येणारें नातवंड सहा आठवडे उचलूं नये. औषधाची वेळ, ताप आणि वेदना यांसाठीं एक वही घातली. भेटीस येणाऱ्यांस दहा मिनिटांची मर्यादा घातली, तेव्हां कांहीं आप्त रुसले. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत, रोग्याला पोकळ धीर आणि न मागितलेला सल्ला देणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें आहे. तेव्हां हा उपद्रव आपल्याकडेच आहे असें नाहीं.

ज्ञान नसल्याचा प्रसंग नवव्या दिवशीं आला. संध्याकाळीं आमच्या वृद्ध आत्याबाई वाटींत कोमट तेल घेऊन खोलींत आल्या. "पडून पडून पाय अवघडले असतील ग, चोळून देतें," असें म्हणून त्या बसल्याही. तेवढ्यांत सूनबाईनें पाहिलें कीं, डावी पोटरी उजवीपेक्षां सुजलेली आहे, आणि हात लावला तर तापलेली. तिनें आत्याबाईंचा हात थांबविला, आणि गठ्ठ्यांतून तो कागद शोधून काढला. त्यावर स्पष्ट लिहिलें होतें : एका पोटरीस सूज, दुखणें वा ऊब आल्यास चोळूं नये, तत्काळ कळवावें.

त्याच रात्रीं तपासणी होऊन पायाच्या खोल नीलेंत रक्ताची गुठळी असल्याचें निष्पन्न झालें. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे ही भीति असते. अशी गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर छातींत कळ येते, श्वास कोंडतो आणि प्राणावर बेततें. रक्त पातळ ठेवणारीं औषधें सुरू झालीं व तीं तीन महिने चाललीं. आत्याबाईंची माया खरी होती. पण ज्ञानावांचून ती माया त्या दिवशीं घातक ठरली असती. आणि ज्याच्या हातीं तो कागद नऊ दिवस होता, त्याचा अपराध तर आत्याबाईंहून मोठा.

परत येतांना आम्हीं विचारलें, "दुखूं केव्हां लागलें?" उत्तर आलें, "अहो, परवांपासूनच. पण घरांत आधींच सगळ्यांची धांवपळ. त्यांत आणखी कशाला सांगायचें?"

चरकानें रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत. त्यांतील एक ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा नीट सांगतां येणें. तो गुण आमच्या सौभाग्यवतींत नव्हता असें नाहीं; बत्तीस वर्षें त्यांच्या सोशिकपणाची आम्हीं सर्वांनीं जी स्तुति केली, तिनेंच तो नाहींसा झाला. "बरी आहेस ना?" असें आम्ही रोज विचारीत होतों. या प्रश्नांत उत्तर आधींच घातलेलें असतें. "हो" म्हणण्यावांचून दुसरी वाटच ठेवलेली नसते. चरकाचा अनुराग हा गुण आम्हांस त्या रात्रीं निराळा कळला. रोग्याला आपली व्यथा सांगतांना संकोच वाटूं नये, असें वागणें म्हणजे अनुराग.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं प्रश्न बदलला. "आज कोठें दुखतें? कालपेक्षां अधिक कीं उणें?" पहिले कांहीं दिवस उत्तर संकोचानें येई. वहींत पानें भरूं लागलीं. घरांतल्या इतर बायकाही हळूहळू बोलूं लागल्या; थोरल्या वहिनींच्या गुडघ्यांचें दुखणें दोन वर्षांचें जुनें आहे, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें.

सहावा आठवडा संपला, आणि डॉक्टरांनीं स्वयंपाकघरांत जाण्यास मोकळीक दिली. त्या दिवशीं संध्याकाळीं आंतून हांक आली, "अहो, आज कंबर फार दुखते आहे. कुकर तुम्ही उतरवा, आणि कणीकही तुम्हीच भिजवा."

कणीक सैल झाली. पोळ्या कोणाला धड आल्या नाहींत. पण वहींत त्या दिवसाची नोंद आम्हीं मोठ्या आनंदानें केली.