गिऱ्हाइकाच्या भाषेत भाव सांगा

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नाव जगभर झाले. नाव झाले खरे, पण परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की आपला माणूस दलालाचे तोंड पाहतो आणि नफ्यातला वाटा त्याला देतो. शिवाजी पेठेतील आमच्या दुकानदार व कारागीर बांधवांना म्हणून एका साधनाची ओळख करून देत आहोत.

त्याचे नाव अंकी. जपानी भाषेत अंकी म्हणजे पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली हे सॉफ्टवेअर काढले. त्याची घडण सर्वांना खुली आहे. कोणीही ती पाहावी, सुधारावी, वाटावी. संगणकावर ते मोफत मिळते. अँड्रॉइड मोबाइलवर अंकीड्रॉइड या नावाने मिळते, तेही मोफत. आयफोनवर मात्र पैसे पडतात. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते.

रीत सोपी आहे. पत्त्याच्या एका बाजूस परका शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ. आठवला तर तो पत्ता काही दिवसांनी, पुढे काही आठवड्यांनी समोर येतो. विसरलात तर लगेच. उधारीच्या वहीत बुडव्या गिऱ्हाइकाकडे तगादा जास्त, तसेच हे! माणूस कसकसा विसरतो याचा अभ्यास एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने १८८५ सालीच मांडला होता.

तयार पत्ते पुष्कळ मिळतात, पण त्यांतले मांजर आणि सफरचंद आपल्या काय कामाचे? आपले पत्ते आपणच करावेत. आधी आकडे, मग माप, रंग, चामडे, आगाऊ रक्कम, ‘कधी मिळेल’. अरबीत ‘बिकम’ म्हणजे ‘केवढ्याला’. अरबी अक्षरे आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून वाचता येतात, हा मोठा फायदा. परंतु पुस्तकी अरबी वेगळी आणि दुबईच्या बाजारातली वेगळी. आखातातून परतलेला नातेवाईक घरात असेल तर त्याच्याकडून शब्द बोलवून घ्यावेत; पत्त्यात आवाजही भरता येतो.

मिळत्याजुळत्या नावाची दुसरी ॲप पैसे मागतात, तेव्हा नाव नीट पाहून घ्यावे. इटालियन किंवा जर्मन वाक्ये जुळवायची तर शिक्षक हवाच. शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे, तेथे चौकशी करावी. तोवर दुकान उघडण्यापूर्वी रोज दहा नवे शब्द पुरेत.