वेब्लीचे दोन वारस

कापसाचा हंगाम ओसरल्यावर, फाल्गुनातल्या एका निवांत दुपारी, बोदवडमधल्या माझ्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी लोखंडी कपाटातून मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने घडवलेली, .32 बोअरची, सहा काडतुसांची ती रिव्हॉल्व्हर त्यांना वडिलांकडून वारशाने आली होती, आणि तिचा परवानाही त्यांनी यथाविधी आपल्या नावे करून घेतला होता. फडके सोडताच त्यांनी प्रथम घोड्याशेजारचा खटका अंगठ्याने दाबला. नळी बिजागरीवर पुढे झुकली. सहाही घरे रिकामी असल्याचे मला दाखवले, आणि मगच ती माझ्या हाती दिली. वडिलांनी घालून दिलेला हा शिरस्ता आजवर एकदाही मोडला नाही, असे त्यांनी सांगितले तेव्हा मला मनापासून बरे वाटले. परंतु नळी पुन्हा मिटवून किंचित हलवून पाहिली, तो ती डुगडुगली. खटका झिजला होता.

"मुलगा म्हणतो, आबा, हीच आता नवी मिळते, आपल्याच देशात बनलेली," ते म्हणाले. "घेऊ का? तुम्ही सांगा."

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘हीच’ या शब्दाचा अर्थ नीट पाहणे अवश्य आहे.

इंग्रजी सैन्याने वेब्लीची रिव्हॉल्व्हर प्रथम स्वीकारली ती 1887 साली, आणि पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, तिचे सहावे रूप रणांगणावर गेले. या सगळ्या .455 बोअरच्या, हाताला जबर हिसका देणाऱ्या. घाईघाईने भरती केलेल्या आणि अल्पप्रशिक्षित शिपायाच्या हाती असले अवजड शस्त्र देण्यापेक्षा हलके द्यावे, असा निष्कर्ष युद्धानंतर निघाला आणि .38 बोअरची निवड झाली. सरकारने आपल्या एनफील्डच्या कारखान्यात घडवलेली रिव्हॉल्व्हर 1932 साली सेनेत रुजू केली. पण दुसरे महायुद्ध पेटल्यावर तेवढ्याने भागेना, तेव्हा वेब्लीची ‘मार्क फोर’ही मोठ्या संख्येने विकत घ्यावी लागली. वेब्लीची खरी कीर्ती आहे ती त्या खटक्याची व बिजागरीची. नळी झुकवताच मध्यभागीचा चांदणीच्या आकाराचा तुकडा वर उचलला जातो आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. अंधारात, चिखलात, घोड्यावर बसल्या बसल्या एका हाताने खटका दाबून हे काम साधत असे. पण हेच तिचे मर्मस्थानही आहे, कारण बार उडताना उसळणारा वायूचा बराचसा जोर त्या खटक्याला पेलावा लागतो.

ही लष्करी रिव्हॉल्व्हर जशीच्या तशी आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळूच शकत नाही. शस्त्र अधिनियम 1959 चा. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला, आणि त्याखालील नियमांनी सैन्याची काडतुसे ज्यात बसतात अशी .380, .455 किंवा लष्करी 9 मिलिमीटर बोअरची छोटी शस्त्रे निषिद्ध वर्गात घातली. म्हणून नागरिकासाठीची प्रत .32 बोअरची काढली जाते. देह वेब्लीचा, पण काडतूस निराळे. आपल्या जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुधनिर्माणीत काडतुसे बनतात खरी, परंतु ती सैन्यासाठीची. आबांना लागणारी मात्र 1869 पासून चालत आलेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली, बुडाशी ‘केएफ’ अशी अक्षरे उमटवलेली.

येथे एक खुलासा मुद्दाम करतो, कारण दुकानात गोंधळ होतो तो याच ठिकाणी. .32 हा अंक एक असला तरी त्याखाली काडतुसांच्या दोन जाती मोडतात: एक रिव्हॉल्व्हरची, लांबट व रुंद कडेची, दुसरी ब्राउनिंगच्या स्वयंचलित पिस्तुलाची, आखूड. त्या दुसऱ्या जातीचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे. बेल्जियमच्या सैन्याने 1900 साली ब्राउनिंगचे पिस्तूल स्वीकारले ते याच काडतुसाचे होते. पुढे सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हाती 20 ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे हिंदुस्थानात धाडली, आणि 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर जे झाडले ते त्यांपैकीच एक. ज्या राज्यकर्त्यांनी 1878 च्या कायद्याने हिंदी प्रजेला परवान्याविना शस्त्र बाळगण्याची बंदी केली, त्यांच्या अंमलात पिस्तूल बाळगणे याचा अर्थ काय होता, हे त्या प्रसंगावरून कळते. आज परवान्यावर ‘पिस्तूल’ लिहिले आहे की ‘रिव्हॉल्व्हर’, हे डोळ्यांत तेल घालून पाहणे एवढीच दक्षता आपल्याला पुरते.

आता वारस. पहिला कानपूरचा: तेथील सरकारी कारखान्याची .32 रिव्हॉल्व्हर, जिची ठेवण उघड उघड वेब्लीवरून घेतलेली आहे. तिचेच टायटॅनियमच्या मिश्रधातूतले, सुमारे 500 ग्रॅम वजनाचे रूप 2014 साली ‘निर्भीक’ या नावाने निघाले. दुसरा वारस नावानिशी आला. खुद्द वेब्ली अँड स्कॉट कंपनीने भारतीय भागीदाराच्या साहाय्याने उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे, 2020 साली .32 रिव्हॉल्व्हर काढण्यास आरंभ केला. आबांच्या मुलाच्या मनात भरली ती ही दुसरी, आणि तिच्या नळीवरचे नाव हेच त्याचे कारण होते. मला हे कारण अपुरे वाटते. जुन्या वेब्लीचा लौकिक नावामुळे झाला नाही, तर कारखान्यात बसलेल्या लष्करी तपासनिसांनी हजारो नग एकेक करून हाताळले, नापसंत पडले ते परत केले, म्हणून झाला. त्या तपासनिसाच्या भरवशावर न राहता ते काम ग्राहकाने स्वतः करावयाचे आहे.

ते अवघडही नाही. विक्रेत्यासमोर, घरे रिकामी असल्याची खात्री करून, नळी मिटवावी आणि मूठ एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून हलवून पाहावी. नव्या शस्त्राच्या खटक्यात तसूभरही ढिलेपणा असता कामा नये. मग घोडा सावकाश पूर्ण मागे ओढावा. प्रत्येक वेळी चक्राचे घर नळीच्या समोर येऊन जागच्या जागी अडले पाहिजे, आणि असे सहाही घरांना पाहावे, एकाला पाहून थांबू नये. घोडा न ओढता नुसता चाप दाबून पाहावा. ओढ लांब आणि जड असणारच, पण मध्येच अडखळत असेल तर नग बाजूला ठेवावा. वजनाचाही विचार हवा: हलके शस्त्र बाळगायला सोयीचे, पण बार उडताना तितकाच अधिक हिसका हाताला देते, आणि सत्तरीच्या मनगटाला तो सोसेल काय, हे विकत घेण्यापूर्वीच ठरवावे. अखेरीस निर्मात्याचे नाव व क्रमांक धातूवर कोरलेला आहे आणि तोच दस्तऐवजात उतरला आहे, हे पडताळावे. कायद्याच्या आठव्या कलमाने ही निशाणी सक्तीची केली आहे.

हे सगळे मी सांगितले, तरी खरी अडचण आबांनीच पुढे मांडली. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाजवळ तीनऐवजी दोनच शस्त्रे राहू शकतात, आणि आबांजवळ दोन होतीच; एक ही, आणि दुसरी रानडुकरांसाठी शेतावर ठेवलेली बारा बोअरची बंदूक. म्हणजे नवी आणावयाची तर दोहोंपैकी एक द्यावी लागणार. निवडणुकीच्या आचारसंहितेत दोन्ही पोलीस ठाण्यात जमा करताना पावती मिळते आणि वस्तू परत येते, पण येथे दिलेले पुन्हा घरी येणारे नव्हते. मी स्पष्टच म्हणालो, "आबा, वेब्ली द्या. झिजलेल्या खटक्याने बार उडवाल तर नळी तुमच्याच तोंडाकडे उघडेल, आणि हिचा सुटा भाग आता कोठून आणणार?" विलायती शस्त्रांची आयात बंद होऊन एक पिढी उलटली आहे, हे त्यांनाही ठाऊक होते.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुठीवरची, वडिलांच्या तळहाताने गुळगुळीत झालेली जागा त्यांनी फडक्याने पुसली, घरे पुन्हा एकवार उघडून पाहिली, आणि म्हणाले, "आधी त्या नवीचा खटका पाहून येऊ. हिचं मग ठरवू." रिव्हॉल्व्हर पुन्हा फडक्यात गेली, आणि कपाटाची किल्ली त्यांनी जानव्याला बांधली.