खातं आहे, पैसेही आहेत... मग हातात का नाहीत?

गाडगेनगरच्या टपरीवर दोन कट चहा. फोन काढला, क्यूआर स्कॅन केला, टिंग! संपला विषय. खिशात पाकीट नसलं तरी आपला दिवस मस्त जातो. मागच्या वर्षी मे महिन्यात रूममेटसोबत तिच्या गावी जाईपर्यंत मला वाटायचं, आता सगळीकडे असंच असेल.

तिचं गाव धारणी तालुक्यात. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असं करत घाट उतरलो आणि फोनवरच्या नेटवर्कच्या काड्या एकेक करून गेल्या. घरी विषय एकच, तिच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची फी. पैसे होते. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आणि रोजगार हमीची मजुरी काकूंच्या खात्यात जमा झाली होती. फक्त काढून आणायचे होते.

सकाळी काळीपिवळीने निघालो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण त्या वेळेला एसटीच नव्हती. बँकेत रांग. काकूंचा नंबर आला, मशीनवर अंगठा ठेवला, मॅच नाही. दुसरं बोट, तेही नाही. दगड-माती उचलून बोटांवरच्या रेषा पार घासल्यात. तेवढ्यात नेट गेलं. "उद्या या," एवढंच उत्तर. काकू मला म्हणाल्या, "बेटा, उद्याचा रोज पण गेला मग."

त्या रात्री आम्ही दोघींनी हिशेब मांडला. रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये. बँकेत गेलं की तो रोज बुडाला. जाण्यायेण्याचे 120. म्हणजे एका चकरेचे 432. दोन चकरा झाल्या की 864. सरकारकडून आलेल्या दीड हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे ते काढण्यातच संपले!

कागदावर बघितलं तर चित्र झकास आहे. ऑगस्ट 2014 मध्ये जनधन योजना सुरू झाली आणि 2023 पर्यंत 50 कोटींहून जास्त खाती उघडली गेली. त्यातली निम्म्याहून जास्त महिलांची. आपल्या मेळघाटातलं हरिसाल तर 2016 मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजलं. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी त्याच गावाचा व्हिडिओ दाखवून दाव्यांवर प्रश्न विचारले, तेव्हा पुन्हा गाजलं. गाजावाजा दोन्ही वेळा झाला. पण प्रश्न साधा आहे. खातं उघडणं आणि खातं वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. मग पुन्हा केवायसी, पुन्हा चकरा.

यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने 2006 मध्येच बँकांना गावोगावी प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली. तेच आपले बँक मित्र. त्यांचं कमिशन बँक देते, त्यांनी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नसतात. हे किती जणांना माहीत असतं? मला तरी नव्हतं.

आणि नुसता पैसा आला म्हणजे गरिबी हटली, असंही नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली काही गावं अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हारा भागात वसवली. पॅकेज होतं कुटुंबाला 10 लाखांचं. तरी जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणत 2019 च्या जानेवारीत काही कुटुंबं परत जंगलात गेली आणि तिथे संघर्ष झाला. जंगल, शेती, मोहफुलं यांवर चालणारं घर एका रकमेवर किती दिवस चालणार?

मग आपण काय करायचं? सुट्टीत गावी गेलात की घरच्यांचं, शेजारच्यांचं खातं चालू आहे का बघा. मोबाईल नंबर जोडलाय का बघा. पैसे काढल्यावर पावती मागा. बँकेकडे केलेली तक्रार 30 दिवसांत सुटली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. आपल्याला पाच मिनिटं लागतात, त्यांचा एक रोज वाचतो.

तिसऱ्या दिवशी काकूंचा अंगठा एकदाचा जुळला. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि घरी आल्यावर लेकीच्या हातात दिल्या. रूममेटची ॲडमिशन झाली. आता टपरीवर 'टिंग' वाजलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो. त्या फीसाठी काकूंचे तीन रोज गेलेत, हे फीच्या पावतीवर कुठेच लिहिलेलं नाही.