झोप लागते का, भाऊ?

चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशाताई म्हणून काम करते. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, बीपी या कामांसाठी कोणत्याही घरात शिरता येतं. मनाचं विचारलं की घरातले एकमेकांकडे पाहतात. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी शासनाचा 'प्रेरणा प्रकल्प' आला, त्यात बुलडाणा होता, आणि हे विचारणंही आमच्याकडे आलं.

'उदास वाटतं का' असं मी विचारत नाही. गडीमाणूस नाहीच म्हणतो. मी झोपेवरून सुरुवात करते. एका भाऊंचं सोंगलेलं सोयाबीन पावसात भिजलं होतं. "पडतो, पण रातच्याले दोनले डोळे उघडतात. मंग हिशोबच सुरू," ते म्हणाले. जेवण? "ते वाढते म्हणून खातो." मग सरळच विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. त्यांनी मान हलवली. फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर काढलं आणि त्यांना बुलडाण्याला जिल्हा रुग्णालयात नेलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सोबत समुपदेशन सुरू झालं. 'टेन्शन घेऊ नका' हे अख्खं गाव सांगत होतंच. समुपदेशक ताईंनी त्यांचा दिवस तासातासाने लिहून घेतला. शेतात जाणं बंद, पारावर बसणं बंद, बाजार बंद. मन खचलं की माणूस एकेक काम सोडतो, आणि काम सुटलं की मन आणखी खचतं. म्हणून पहिल्या आठवड्याला एकच काम ठरलं: सकाळी बैलांना पाणी दाखवायचं, मन लागो न लागो. पुढच्या भेटीत ते झालं का, झाल्यावर कसं वाटलं, यावरच बोलणं. नंतर बँकेचं किती आणि सावकाराचं किती, हे कागदावर वेगवेगळं मांडलं. कर्ज आहे तेवढंच आहे, पण भाऊ आता बँकेत जाऊन बोलतात.

गोव्यात 'संगाथ' संस्थेने याच पद्धतीची प्राथमिक आरोग्य केंद्रांत पारख केली. सहा ते आठ भेटी, आणि भेटणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून सावरले. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. माझ्यासारखीला हे आकडे फार बळ देतात.

सैलानी बाबांचा दर्गा आमच्याच भागातला. तिथे लोक मनाने आजारी असलेल्या माणसाला घेऊन येतात. मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही, श्रद्धेचा आधार असतो. गोळ्या बंद करू नका, एवढं हात जोडून सांगते. साखळी दिसली तर मात्र गप्प बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला साखळीने बांधायला बंदी आहे.

या सगळ्यात भाऊंच्या बायकोला कुणी काही विचारलंच नव्हतं. नवरा जरा नजरेआड झाला की तिच्या छातीत धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे. दर वेळी बुलडाण्याचं भाडं परवडत नाही म्हणून ती आता टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर बोलते. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.