आयनांबरांतील वादळ आणि गणकयंत्र

अकोल्याच्या जठारपेठेंत एखादें घर शोधणारा माणूस हातांतील दूरध्वनीवर नकाशा पाहतो, तेव्हां सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश त्याला वाट दाखवीत असतात. हे संदेश आयनांबरांतून खालीं येतात. साधारणतः ८० ते १,००० किलोमीटर उंचीवरच्या ह्या विरळ हवेंत सूर्याच्या अतिनील किरणांनीं अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. त्यांच्या गर्दींतून जातांना संदेशास उशीर होतो. एक चौरस मीटर पायाच्या उभ्या स्तंभांत एकावर सोळा शून्यें इतके इलेक्ट्रॉन असले, तर अंतराच्या हिशेबांत १६ सेंटिमीटरांची चूक पडते. सूर्यावर डाग फार असतात त्या वर्षीं दुपारीं अशीं शंभर मापेंही भरतात. म्हणजे चूक १६ मीटरांची, एक सोडून दुसरेंच घर! रोजची चूक यंत्र ठरीव सूत्रानें बरीचशी वजा करतें. भूचुंबकीय वादळांत मात्र सूत्र फसतें.

सूर्यापासून निघालेला विद्युत्भारित कणांचा लोंढा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर आदळला म्हणजे हें वादळ होतें. २ सप्टेंबर १८५९ रोजीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत चुंबकाचा आडवा जोर पाहतां पाहतां शेंकडा चारांनीं उतरला. हातानें लिहिलेलीं तीं कोष्टकें जपून ठेवलीं होतीं, म्हणूनच २००३ सालीं त्या वादळाचें मोजमाप पुन्हां करतां आलें. पुढें विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव नको म्हणून चुंबकाचें काम अलिबागेस नेलें. तेथील नोंदी १९०४ पासूनच्या आहेत.

गणकयंत्रावर आयनांबराची प्रतिकृति करतात ती अशी. वातावरणाचे खण पाडावयाचे. प्रत्येक खणांत इलेक्ट्रॉन किती उत्पन्न झाले, किती लय पावले, वाऱ्यानें वा विद्युत्क्षेत्रानें किती वाहून नेले, ह्याचा जमाखर्च मिनिटामिनिटास मांडावयाचा. अमेरिकेंत बोल्डर येथें केलेल्या एका नामांकित प्रतिकृतींत खण पांच अंशांचे होते. तसल्या एका खणांत मुंबई व अकोला दोन्ही मावूं शकतात. अडीच अंशांचे केले तरी अकोला आणि अमरावती ह्यांस बहुधा एकच आकडा मिळावयाचा.

खणाहूनही वेळेची अडचण मोठी. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातें. दिवसा तेथील विद्युत्क्षेत्र इलेक्ट्रॉनांना वर उचलतें आणि ते चुंबकरेषांवरून घसरत दोहों बाजूंस उतरतात, कारंजाचें पाणी पडावें तसे. उत्तरेकडची धार गुजरात-माळव्याच्या पट्ट्यांत पडते. वऱ्हाड प्रांत तिच्या दक्षिण उतारावर येतो. वादळ येथें दुपारीं पोहोंचलें, तर पहिल्या कांहीं तासांत कारंजाला जोर चढूं शकतो व धार दूर पडते. मग ध्रुवांकडील तापलेल्या हवेचे वारे येऊन उलट विद्युत्क्षेत्र उभें करतात आणि कारंजें मंदावतें. वादळ रात्रीं आलें तर सारा हिशेब निराळा. १० मे २०२४ चें मोठें वादळ आलें तेव्हां येथें रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. लडाखांतील हान्ले येथें त्या रात्रीं आकाश तांबडें दिसलें, आणि अमेरिकेंत दिवस होता. तिकडचें उत्तर वऱ्हाडास लावतां येत नाहीं तें ह्यामुळें.

कारंजाचा दिवसाचा जोर जमिनीवरूनही अजमावतां येतो. तिरुनेलवेली येथील चुंबकाच्या आडव्या जोराच्या फरकांतून अलिबागचा फरक वजा करावयाचा. गणकयंत्राचें उत्तर ह्या साध्या वजाबाकीशीं जुळलें नाहीं, तर खणांतला जमाखर्च पुन्हां तपासावा लागतो.