टॅम्पिनीसमधला बंद पडलेला कॉम्प्युटर आणि अण्णांची फाईल



गेल्या महिन्यात साताऱ्याहून दादाचा फोन आला. आईचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलंय, त्यानिमित्त अण्णांच्या आठवणींची छोटीशी पुस्तिका छापायचं घाटतंय. "अरे, तुझ्याकडे राहिले होते तेव्हा टाइप करत बसायचे ना, ते पाठव की." २००६ साली अण्णा तीन महिने टॅम्पिनीसला होते. रोज सकाळी चहा झाला की दोन बोटांनी टाइप करायचे. "पुरं झालं की पाठवू" म्हणत ते कधी कुणाला ईमेल केलंच नाही. अण्णा २०११ मध्ये गेले. फाईल २००४ साली असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर, आणि तो कित्येक वर्षं बॉम्ब शेल्टरमध्ये (म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अडगळीच्या खोलीत!) चादर पांघरून पडलेला.

बाहेर काढला, पुसला, बटण दाबलं. पंखा फिरला, एक्सपीचा लोगो आला आणि तिथेच गोठला. कॅप्स लॉक दाबून पाहिलं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन नुसतं रेंगाळलेलं असू शकतं, थोडा धीर धरावा. माझा दिवा ढिम्म. मग मी जे केलं ते तुम्ही करू नका: पाच-सहा वेळा बंद-चालू केलं. डिस्क आजारी असेल तर असा प्रत्येक प्रयत्न तिला जास्त खोलात नेतो. सहाव्या वेळी तर लोगोही आला नाही. नुसता काळा पडदा.

इथे डोकं थोडं ताळ्यावर आलं. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे माहिती गेली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मशीन सुरू न होण्याची अर्धीअधिक कारणं डिस्कच्या बाहेरची असतात. मला कॉम्प्युटर नको होता, फाईल हवी होती. तरी आधी कॉम्प्युटरच्याच मागे लागलो. सवय, दुसरं काय.

प्लग काढला, पाच मिनिटं थांबलो, झाकण उघडलं. पेन्टियम ४ हा मुळातच तापट प्राणी, त्यात त्याच्या हीटसिंकवर धुळीची गोधडी. प्रोसेसर तापला की मशीन गोठणारच, म्हणून ब्रशने ती आधी साफ केली. मग रॅमच्या पट्ट्या काढल्या. इथली हवा वर्षभर ८० टक्क्यांच्या आसपास दमट, सोनेरी टोकांवर मळ चढतोच. साध्या खोडरबराने हलकेच घासून परत बसवल्या (आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज जाते). बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी मीटरवर तपासली. ३ व्होल्ट हव्यात, निघाला जेमतेम २. ती मेली की घड्याळ मागे जातं आणि बायोसची सेटिंगं मूळपदावर येतात. मग मशीन भलत्याच ठिकाणी विंडोज शोधत बसतं. नवी घातली. चालू केल्यावर एक छोटी बीप आली, म्हणजे प्राथमिक तपासणी पार. लोगो पुन्हा दिसला... आणि पुन्हा गोठला.

मग टॉर्च घेऊन बोर्ड नीट पाहिला, आणि खरा चोर सापडला. प्रोसेसरच्या बाजूला छोट्या ड्रमांसारखे कपॅसिटर असतात. त्यांची टोपी सपाट असायला हवी. माझ्याकडे चार टोप्या पुरीसारख्या फुगलेल्या, एकीवर तपकिरी पापुद्रा.

हा एकट्या माझ्या मशीनचा दोष नव्हे. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले होते. आतल्या आत वायू तयार होतो, टोपी फुगते, शेवटी फुटते. नामांकित कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. डेलने २००५ मध्ये ऑप्टिप्लेक्स मशीनांच्या अशा दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती. कपॅसिटरचं काम प्रोसेसरला स्थिर वीज पुरवायचं. ते दुबळे झाले की मशीन कधी चालतं, कधी मध्येच गोठतं, कधी उठतच नाही. अशा वेळी आपण विंडोज पुन्हा टाकत बसतो आणि फरक काही पडत नाही. शिवाय उष्णता दर १० अंशांनी वाढली की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे एसी बेडरूममध्ये आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये, तेव्हा बघा.

कपॅसिटर बदलता येतात, पण माझं सोल्डरिंग शाळेतल्या प्रयोगापुरतं. बोर्डाचा नाद सोडला. डिस्क काढली: ८० जीबी, रुंद पट्टीवाली जुनी आयडीई. डाउनटाउन लाइनने टॅम्पिनीसहून थेट रोचोर, समोर सिम लिम स्क्वेअर. तिथून आयडीई ते यूएसबी अडॅप्टर आणला. घेताना एक बघा, सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर हवा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत.

कुणीतरी सांगेल, डिस्क फ्रीझरमध्ये ठेव. अजिबात नको. या हवेत बाहेर काढताच तिच्यावर दव साचेल. डिस्क टकटक करत असेल तर मात्र लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावी. माझी सुदैवाने गुमान फिरली.

अण्णांचं फोल्डर उघडेना, "परवानगी नाही" म्हणे. एक्सपीने ते जुन्या खात्याच्या नावावर बांधलेलं होतं. फोल्डरची मालकी नव्या खात्याकडे घेतली तेव्हा उघडलं. सर्वात आधी सगळं दोन ठिकाणी कॉपी केलं, मग फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ! पोटात गोळाच आला. मग आठवलं, तेव्हा कुठलं युनिकोड, अण्णा शिवाजी०१ फॉन्टमध्ये टाइप करायचे. फॉन्ट त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता. तो नव्या लॅपटॉपवर टाकला आणि अण्णांचा मजकूर समोर आला. एकेचाळीस पानं.

दादाला युनिकोडमध्ये हवं होतं. कन्व्हर्टर आहेत, पण ऱ्हस्व इकार आणि रफार जागा सोडतात. त्या जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, त्याचा हा परिणाम. रोज रात्री दोन पानं तपासतोय, आई फोनवरून नावं-गावं दुरुस्त करतेय.

ज्यांची जुनी मशीन्स अजून घरात आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सिंगापूरमध्ये जुलै २०२१ पासून ई-कचरा वेगळा गोळा करतात, जुनं मशीन जरूर द्या, पण डिस्क काढून घेऊन. आणि मशीन अमेरिकेहून आणलं असेल तर प्लग लावण्याआधी मागचं ११५/२३० चं लाल बटण बघा. ते ११५ वर राहिलं आणि इथली २३० व्होल्टची वीज दिली की मोठ्ठा आवाज येतो, नंतर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही :-)

ता. क. कॅबिनेटच्या मागे दोन फ्लॉप्या सापडल्या आहेत, अण्णांच्या अक्षरात "भाग १" आणि "भाग २" लिहिलेल्या. टॅम्पिनीस, सिमेई, पासिर रिसकडे कुणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह आहे का? मी येऊन घेऊन जाईन.